‘कीप’चं मूळगाव

आमच्या हिच्या मामांनी ज्याची चौकशी केली नाही असा माणूस सगळ्या खानदेशात कुणी उरला असेल, तर तो अजून जन्माला यायचा आहे. आणि तो जन्मेल तेव्हा त्याच्या आजोळाची माहिती मामांच्या तोंडी आधीच तयार असेल. मामा धुळ्याचे. सगळी नोकरी त्यांनी एसटी स्टँडवर काढली, आणि तीही चौकशीच्या खिडकीत. समोर मायक्रोफोन, मागे वेळापत्रकाचा फळा, आणि खिडकीतून आत डोकावणारी अख्खी दुनिया. गाडी कुठून आली, कुठल्या मार्गे आली आणि कुठे जाणार, या तीन प्रश्नांच्या पलीकडे आयुष्यात काही विचारण्यासारखं असतं असं मामांना कधी वाटलंच नाही. आवाज खणखणीत. तो घरी येतानाही तसाच यायचा. मामी होत्या तेव्हा म्हणायच्या की माझ्या बापाने मला माणसाला नाही, भोंग्याला दिली. घरी सत्यनारायण असला की मामा दारात उभे राहून, तीर्थप्रसाद झालेल्या मंडळींनी मागच्या दाराने बाहेर पडावे, अशी घोषणा करत. आणि गंमत म्हणजे मंडळी निमूट मागच्या दाराने बाहेर पडत. त्या आवाजापुढे कुणाची टाप नव्हती. माझीही नव्हती, आणि मी तर जावई.

चौकशीची ही विद्या नोकरीपुरती राहिली असती तरी एकवेळ चाललं असतं. पण सोयरीक जुळवायची म्हटलं की सगळ्या नात्यागोत्यातून मामांना बोलावणं यायचं. मुलगा पाचोऱ्याचा असो की धरणगावचा, मामा सकाळच्या गाडीने निघायचे, त्या गावात आधी दाढी करायचे, मग गिरणीवर उगाच उभे राहायचे, मग चहा प्यायचे, आणि संध्याकाळच्या गाडीने परत येईपर्यंत मुलाच्या पणजोबाने कुठली विहीर कुणाच्या बांधावर खणली होती इथपर्यंत सगळं काढून आणायचे. एका चांगल्या स्थळाला त्यांनी केवळ एवढ्यासाठी नकार कळवला, की मुलाच्या आजोबांचं नाव गावातल्या दोन न्हाव्यांनी दोन सांगितलं. कुणीतरी म्हणालं, मामा, नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये. मामा म्हणाले, "ऋषीचं नका विचारू. जावयाचं विचारा."

माझीही चौकशी झालीच होती. अमळनेरात माझं शेतीच्या पाइपांचं दुकान आहे. समोर आणखी एक पाइपवाला आहे, ज्याचं आणि माझं तोंडही बघायचं नातं नाही. मामा नेमके त्याच्याकडे जाऊन बसले. त्याने माझी इतकी स्तुती केली, इतकी स्तुती केली, की मामांना संशय आला. घरी जाऊन त्यांनी सांगितलं की मुलगा बरा आहे, पण शेजाऱ्यांना पैसे चारतो. लग्न ठरलं, पण हा डाग अजून पुसलेला नाही. आमच्या घरात भांडण शिगेला पोचलं की ही तो काढते.

असा माणूस सेवानिवृत्त होतो म्हणजे काय होतं ते आम्ही पाहिलं. शाल मिळाली, नारळ मिळाला, चार भाषणं झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मामांना विचारायला कुणी नाही आणि सांगायला कुणी नाही. मामी तोवर गेलेल्या. घरात मुलगी वैशू, पण ती जळगावला एका लॅबमध्ये रक्त तपासायची आणि शनिवारी यायची. मामा हायवेवर चहाच्या टपरीवर जाऊन बसू लागले. हायवेवर ट्रक. ट्रकच्या मागे पाट्या. आणि दर दुसऱ्या पाटीवर तोच एक शब्द, ‘कीप डिस्टन्स’. तिथून दवाखान्यात गुडघा दाखवायला गेले तर भिंतीवर ‘कीप क्वाएट’. शेजारच्या पोराच्या प्रगतिपुस्तकावर ‘कीप इट अप’. मामांना वाटलं, हा कोण गडी आहे जो सगळीकडे दिसतो? आणि सगळीकडे दिसणारा माणूस कुठला आहे हे ठाऊक नसणं म्हणजे मामांच्या पायाला काटा. त्यांनी वैशूला विचारलं. ती म्हणाली, आप्पा, कीप म्हणजे ठेवणे. मामा म्हणाले, दवाखान्यात मी काय ठेवायचं? आणि पोराने वर काय ठेवायचं? वैशूने कंटाळून पुढच्या शनिवारी शब्दांची मूळं सांगणारा जाडजूड इंग्रजी कोश आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. पोरीने बापाला विरंगुळा म्हणून दिला हो, पण धुळ्यातल्या निम्म्या लोकांनी तेव्हापासून त्या गल्लीतून जाणं सोडलं.

कारण कोश उघडल्यावर मामांच्या लक्षात आलं, की प्रत्येक इंग्रजी शब्द कुठूनतरी सुटतो, कुठूनतरी जातो आणि कुठेतरी लागतो. अहो, हे तर त्यांचंच खातं! मग काय विचारता. ‘मूव्ह’ हा शब्द लॅटिनहून सुटून फ्रान्समार्गे इंग्लंडला जाणारा. ‘टेक’ हा उत्तरेकडच्या खलाशांबरोबर थेट समुद्रमार्गे आलेला, मध्ये थांबा नाही. ‘ट्रॅव्हल’चं मूळ म्हणजे छळ करायचं तीन खांबांचं एक अवजार, असं कळल्यावर मामांनी कोश मिटून नुसती मान हलवली. म्हणाले, हे आपल्याला कोशाशिवाय माहीत होतं. मी धुळ्याला गेलो की ‘या पाव्हणे, बसा’ झाल्यावर पाणी यायच्या आत एकदोन शब्द फलाटावर लागलेले असायचे. मी पाइपवाला माणूस. मला इंच कळतात, इंग्रजी कळत नाही. पण जावई असल्यामुळे मला उठता येत नसे आणि हे मामांना पक्कं ठाऊक होतं.

‘कीप’वर मात्र त्यांचा जीव जडला. त्याचे अर्थ मोजता मोजता ते थकले नाहीत, आम्ही थकलो. ठेवणे, राखणे, टिकवणे, करत राहणे, रोखून धरणे. हाउसकीपिंग आलं, विकेटकीपर आला. एकदा त्यांनी मला भर दुपारी अमळनेरला फोन केला. दुकानात गिऱ्हाईक, काट्यावर पाइपचं भेंडोळं, आणि मामा सांगताहेत, "पाव्हणे, इंग्रज कोंबड्याही कीप करतो, वेळही कीप करतो आणि शब्दही कीप करतो. आणि आपण? कोंबड्या पाळतो, वेळ पाळतो, शब्द पाळतो! कोणी कोणाचं बघितलं?" मी म्हटलं, मामा, गिऱ्हाईक आहे. ते म्हणाले, त्यालाही सांगा. मी सांगितलं. गिऱ्हाईक पाइप न घेता गेलं, समोरच्याकडे गेलं.

पण खरा घोळ पुढेच होता. अर्थ झाले, मार्ग काढायचा म्हणून मामांनी ‘कीप’चं मूळ बघितलं, आणि तिथे लिहिलेलं होतं, अज्ञात. हजारेक वर्षांपूर्वी हा शब्द एकाएकी लिहिण्यात दिसू लागतो, त्याआधी लोकांच्या तोंडी असावा, आजूबाजूच्या भाषांत त्याचा कोणी भाऊबंद नाही. बस्स. मामांना झोप येईना. एवढा राबणारा शब्द, ट्रकवर आहे, दवाखान्यात आहे, आणि त्याला आई नाही, बाप नाही, गाव नाही? त्यांनी दुसरा कोश आणवला, तिसरा आणवला. सगळीकडे अज्ञात. मग धुळ्यातली मंडळी मदतीला धावली. गल्लीतले निवृत्त संस्कृतचे सर म्हणाले, संस्कृतात ‘गुप्’ धातू आहे, राखणे, गोपन, हा तिथलाच, लावून टाका. कोशांची बांधणी करून देणारे बाइंडर चाचा म्हणाले, आमच्या अरबीतला ‘कैफ’च असणार, दुसरं काय! मामांनी दोघांनाही चहा पाजला आणि एकच विचारलं, पुरावा? पुरावा नाही तर नाही. सर रागावले. म्हणाले, लावलं तर बिघडतं काय, तेवढंच त्याचं भलं. मामा म्हणाले, दुसऱ्याचं कूळ चिकटवून कोणाचं भलं होत नाही. आम्ही सगळे हसलो. एका परक्या क्रियापदासाठी इतकं हळहळणारा माणूस धुळ्यात नव्हे, लंडनातही नसेल, असं मी हिला म्हणालोही. हीही हसली. हसायला काय जातं.

आणि मग एका शनिवारी वैशूने सांगितलं, की लॅबमध्ये तिच्याबरोबर काम करणाऱ्या निलेशशी तिला लग्न करायचं आहे. निलेश दुसऱ्या दिवशी आला. नेमके आम्ही तिथेच. मुलगा सावळा, शांत, बूट दाराबाहेर नीट जोडून ठेवणारा. मामांनी पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि चौकशीची खिडकी उघडली. मूळगाव कोणतं? निलेश म्हणाला, माहीत नाही. वडील? माहीत नाही. आजोळ? तो किंचित हसला आणि म्हणाला, "काका, मी लहान असताना पाचोऱ्याच्या स्टेशनावर सापडलो, एवढंच सांगतात. तिथून जळगावच्या बालगृहात वाढलो. नावही त्यांनीच ठेवलं." मामांचा आवाज मी पहिल्यांदा बसलेला ऐकला. कुठल्या गाडीत होतास, तेही नाही कळलं? निलेशने मान हलवली. मग मामा स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले की एसटी असती तर मी काढलं असतं, रेल्वेचं आपल्याला काही सांगता येत नाही. मला हसू येत होतं आणि हसवतही नव्हतं. वैशू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. निलेश गेल्यावर तिने एवढंच सांगितलं, की आप्पा, तुम्ही नाही म्हणालात तर हे लग्न मी करणार नाही, पण दुसरंही करणार नाही.

मामांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्यांनी चौकशी करायचं ठरवलं आणि सोबतीला मला धरलं. आता सांगा, आईबाप नसलेल्या पोराच्या घराण्याची चौकशी करायला जगात कोण जातं? पण आम्ही गेलो. पाचोऱ्यात मामांनी रीतीप्रमाणे आधी दाढी केली. स्टेशनासमोर चहा घेतला. जुना हमाल शोधला, जुना पानवाला शोधला. कोणाला काही आठवत नव्हतं; स्टेशनावर पोरं सापडतात, असं पानवाला सुपारी कातरत म्हणाला, त्यात काय आठवायचं. तिथून आम्ही जळगावच्या बालगृहात गेलो. तिथल्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या एक अक्का होत्या, केस पांढरे झालेल्या, हात पिठाचे. मामांनी त्यांना तेच विचारलं. अक्कांनी पदराला हात पुसले आणि सांगितलं, "कोना पोऱ्या शे, माले माहीत नही. पन आते आमना शे." कुणाचा का असेना, आता त्यांचा होता. मग त्याच सांगत राहिल्या. रविवारी कुणाकुणाच्या घरचं माणूस भेटायला यायचं. निलेश लहानपणी सकाळपासून फाटकाशी बसायचा. त्याच्याकडे कोणी येणार नाही हे कळायच्या वयाचा झाला, तरी बसणं सोडलं नाही. नवीन आलेलं लहान पोर मांडीवर घेऊन बसायचा, म्हणजे त्याला एकट्याने वाट बघावी लागू नये. अजूनही दिवाळीला येतो, नळ दुरुस्त करतो, जेवतो आणि जातो.

परतीच्या गाडीत मामा खिडकीशी बसले. एरंडोल गेलं, पारोळा आलं, हा माणूस बोलेना. मला काळजी वाटू लागली, कारण पारोळ्याचा थांबा मामांनी जाहीर केला नाही असं कधी झालं नव्हतं. गाडी सुटल्यावर म्हणाले, "पाव्हणे, त्या शब्दाचा सगळ्यात जुना अर्थ मी वाचून सोडून दिला होता. ठेवणे नाही हो. लक्ष ठेवणे. वाट पाहणे." आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले. कपाशीची शेतं मागे जात होती. मी त्यांना आवळ्याची सुपारी दिली.

सोयरीक ठरणार म्हटल्यावर भाऊबंदांत कुजबुज सुरू झाली. मामांचे थोरले चुलतभाऊ, ज्यांना सगळे आबा म्हणतात, ते मुद्दाम घरी आले. आबा वाईट नाहीत. उलट त्यांनी त्यांच्या परीने तोड काढून आणली होती. धरणगावला त्यांच्या ओळखीचं एक निपुत्रिक कुटुंब होतं. त्यांना मुलाचे आईवडील म्हणून पाटावर बसवायचं, मूळगाव धरणगाव सांगायचं, आडनाव जुळतं करायचं. कोण विचारायला जातंय? विचारणारा एकच माणूस होता खानदेशात, आणि तो तर मुलीचा बाप. आबांना आपल्या युक्तीचं फार कौतुक वाटत होतं. खरं सांगू, मलाही ती बरी वाटली. साखरपुडा निभावला असता, पोरीचं भलं झालं असतं, कोणाचं काय जाणार होतं? मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आबा, एका शब्दाला मी इतकी वर्षं खोटं मूळ लावू दिलं नाही. जिवंत पोराला लावू?" आबांना शब्दाची भानगड ठाऊक नव्हती. त्यांना वाटलं, भावाच्या डोक्यावर परिणाम झाला. ते चहा न घेता गेले.

साखरपुड्याला तरी सगळे आले. भरीत-पुरीचा बेत होता, आणि खानदेशी माणूस कितीही रुसला तरी भरितावर रुसत नाही. मांडवात मंडळी बसली. मुलाकडून बालगृहाच्या त्या अक्का नवं लुगडं नेसून आल्या होत्या, आणि निलेशबरोबर वाढलेली चारपाच पोरं. रीतीप्रमाणे मुलाकडची ओळख करून द्यायची वेळ आली आणि मांडवात आचाऱ्याच्या कढईतलं तेल ऐकू येऊ लागलं. निलेश खाली बघत होता. वैशूने त्याच्याकडे बघितलं आणि मग बापाकडे. मागून कुणीतरी, आबांनीच असेल, विचारलं, की मुलाचं मूळगाव? मामा उठले. माइक होता तो त्यांनी बाजूला सारला. त्यांना कधी लागलाच नव्हता. धुळे स्टँडवर ज्या आवाजात आयुष्यभर गाड्या लावल्या त्याच आवाजात ते म्हणाले, "मंडळींनी लक्ष द्यावे. चौकशी मी स्वतः केलेली आहे. गाडी कुठून सुटली, माहीत नाही. कुठल्या मार्गे आली, ते त्याचं त्यालाच ठाऊक. मुक्काम, आमच्या घरी." आणि खाली बसले. मी त्यांचा हात धरला. अक्का डोळ्याला पदर लावून हसत होत्या. आबांनी घसा खाकरला, थोडा वेळ टोपी चाचपली, आणि म्हणाले, की मग गंध लावा ना, भरीत गार होतंय.

लग्न झालं, वैशू जळगावला गेली ती गेलीच. मामा आता एकटेच. सोयरिकीची बोलावणी अजून येतात, पण ते जात नाहीत. म्हणतात, खिडकी बंद. कोश मात्र मांडीवर असतो आणि ‘कीप’समोर अजूनही अज्ञात लिहिलेलं आहे. गेल्या दिवाळीत वैशू आणि निलेश आले होते, आम्हीही होतो. निघताना सगळे त्यांना स्टँडवर पोचवायला गेलो. जळगावची गाडी लागायची होती. बाकावर निलेशशेजारी एक धोतरवाले म्हातारे बाबा बसले होते. खानदेशात बाकावर शेजारी बसलं की जो प्रश्न येतो तो आलाच, "कोणता गावना शे रे भाऊ?" निलेश शेंगा सोलत होता. मान वर न करता म्हणाला, धुळ्याचा. बाबांचं एवढ्याने कसं भागणार? त्यांनी पुढचं विचारलं, धुळ्यात कोणाच्या घरचा? निलेशने शेंगेचं टरफल धरलेला हात मामांकडे केला आणि म्हणाला, "यांच्या घरचा."

मामा तेव्हा वेळापत्रकाच्या फळ्याकडे बघत होते. तो फळा त्यांना तोंडपाठ आहे, तरी ते तो वरपासून खालपर्यंत वाचत राहिले. गाडी लागली. मामांनी कोणाला हात लावू न देता पिशव्या स्वतः आत चढवल्या, वैशूच्या डोक्यावरून हात फिरवला, निलेशला दोनदा सांगितलं की खिडकीतून हात बाहेर काढू नकोस. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी ते तिकडेच तोंड करून उभे. ही घरी जायला रिक्षा बघू लागली. मी म्हटलं, मामा, निघायचं? ते बाकावर बसले आणि म्हणाले, "थांबा पाव्हणे. गाडी पारोळ्याला लागू द्या, मग निघू."

पारोळा तिथून तासाभराच्या वाटेवर. मी शेंगांची आणखी एक पुडी घेतली आणि त्यांच्याजवळ बसलो.